ट्रेंडमधला कपडा अंगावर बसवायचा क्रम: आधी टेप, मग आरसा, कात्री सगळ्यात शेवटी

वाइड-लेग पँट आणली, लांब वाटली म्हणून त्याच दिवशी उंची कमी करून घेतली, पहिल्या धुण्यात ती इंचभर आटली आणि आता घोट्याच्या वर लोंबकळते. किंवा ओव्हरसाइज ब्लेझर म्हणून नेहमीचाच ब्लेझर दोन साइझ मोठा उचलला, आणि हात वर केला की अख्खा ब्लेझर कानापर्यंत चढतो. अशा वेळी दोष अंगकाठीला दिला जातो: "हे आपल्याला नाही शोभत." बहुतेकदा अंगकाठीचा काही संबंध नसतो. कामांचा क्रम उलटापालटा झालेला असतो.

खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. मधला एखादा गाळलात तर पुढच्या टप्प्यात तो दामदुपटीने वसूल होतो.

## १. मापं: अंगाची आणि कपड्याची

लागणारं सामान: शिवणकामाचा कापडी टेप, कंबरेला बांधायला एक नाडी, पूर्ण उंचीचा आरसा, आणि तुमच्या कपाटातली सगळ्यात छान बसणारी एक पँट व एक शर्ट.

नाडी कंबरेला सैलसर बांधा आणि एका बाजूला वाका. जिथे घडी पडते तिथे नाडी आपोआप सरकते. तीच खरी कंबर. ती बऱ्याच जणींना वाटते त्यापेक्षा वर असते. आता ही मापं घ्या:

- छाती, कंबर, सीट. टेपखाली एक बोट सरकलं पाहिजे. सीट म्हणजे नितंबांचा सगळ्यात भरलेला भाग, साधारण कंबरेखाली ७ ते ९ इंचांवर.
- बसून कंबर. उभ्या मापापेक्षा इंचभर, कधी त्याहूनही जास्त भरते. पँट दिवसभर बसून घालायची असेल तर हेच माप धरायचं.
- तीन उभी मापं: कंबर ते जमीन, पोटरीचा सगळ्यात जाड भाग ते जमीन, घोट्याचं हाड ते जमीन. ही सहसा कुणी घेत नाही, आणि स्कर्ट किंवा पँट नेमकी कुठे संपावी हे याच तीन आकड्यांवर ठरतं.

मग ती आवडती पँट बटण लावून जमिनीवर सपाट पसरा. कंबर आणि सीट मोजून दुप्पट करा. मांडी दोन्ही पायांच्या जोडाच्या एक इंच खाली मोजा. आतली लांबी (त्या जोडापासून खालच्या कडेपर्यंत) आणि मोहरी, म्हणजे पायाच्या खालच्या तोंडाची रुंदी, टिपून ठेवा. आणि आसन विसरू नका: दोन्ही पायांचा जोड जिथे मिळतो तिथपासून समोरच्या कंबरपट्टीच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर. मिड-राइजचं आसन साधारण ९ ते १० इंच येतं, हाय-राइजचं ११ किंवा त्याहून जास्त.

तपासा: कपड्याचं माप अंगाच्या मापाइतकंच आलं तर तो कपडा घट्ट होणार. न ताणणाऱ्या कापडाच्या पँटला सीटवर किमान दीड ते दोन इंच मोकळीक हवी. अंगाबरोबरच्या शर्टाला छातीवर २ ते ४ इंच, ओव्हरसाइज शर्टाला ६ ते १०.

नेहमीची चूक: लेबलवरचा साइझ ओळख म्हणून वापरणं. एका ब्रँडचा एम दुसऱ्याचा एस असतो, आणि एकाच ब्रँडच्या दोन पँटीही सारख्या मापाच्या निघत नाहीत. लेबल म्हणजे कुठून सुरुवात करायची याची सूचना, एवढंच.

## २. ट्रेंड नेमकं काय बदलतो ते ओळखा

नवा ट्रेंड या चारपैकी एखादी गोष्ट बदलतो: आकार, लांबी, कापड किंवा रंग-छपाई. ढगळ ब्लेझर, पिंपासारखी फुगीर बॅरल जीन्स, वाइड-लेग पँट हा आकाराचा बदल. आखूड जॅकेट, मिडी स्कर्ट हा लांबीचा. सॅटिन, पारदर्शक जाळी, लिनन हा कापडाचा. आकार आणि लांबीच्या ट्रेंडमध्ये फिटिंग आणि अल्टरेशनला वेळ द्यावाच लागतो. रंगाचं तसं नसतं. तो ओढणीत, पर्समध्ये, बुटातही उरकता येतो.

एका वेळी एकच नवा आकार घाला. बॅरल जीन्सवर ढगळ ब्लेझर आणि त्याखाली आखूड टॉप हे फोटोत छान दिसतं, कारण तिथे मॉडेल हलत नाही आणि पाठीमागे चिमटे लावलेले असू शकतात.

विकत घेण्याआधी एक गाळणी लावा: आत्ता कपाटात असलेल्या तीन गोष्टींबरोबर, त्यातल्या एका चपला-बुटांच्या जोडीबरोबर, हा कपडा जातो का? नसेल जात, तर तो एकटा कपडा आणखी तीन खरेद्या करायला लावणार.

## ३. कापड हातात घेऊन पारखा

ऋतूचा विचार इथे करायचा. रंग पाहून ऋतू ठरवला की फसगत होते: आकाशी रंगाचा पॉलिएस्टर शर्ट उन्हाळी दिसतो आणि उन्हात अंगाला चिकटतो.

चार चाचण्या, मिनिटभरात होणाऱ्या:

1. मुठीची. कापडाचा कोपरा दहा सेकंद मुठीत आवळा आणि सोडा. ज्या चुण्या राहतील त्याच तासाभराने तुमच्या मांडीवर दिसणार आहेत. लिनन चुरगळणारच, ते गृहीत धरायचं. पण पॉलिएस्टर मिसळलेलं कापडसुद्धा तसंच चुरगळत असेल तर ते घेण्यात काही अर्थ नाही.
2. उजेडाची. कापडाआड हात धरा. बोटं मोजता आली तर आतले खिसे आणि अंतर्वस्त्रं दिसणार. पांढऱ्या आणि क्रीम पँटीत हे हमखास होतं. पांढऱ्याखाली पांढरं नको, त्वचेच्या रंगाचं घाला.
3. लोंबण्याची. पँट किंवा स्कर्ट कंबरेला धरून झटका. वाइड-लेग सरळ खाली पडली पाहिजे. ती तंबूसारखी बाहेर उभी राहिली तर अंगावरही तशीच राहील आणि सीट आहे त्याहून रुंद दिसेल.
4. जोडाची. चौकडी किंवा पट्टे असतील तर बाजूच्या शिवणीवर ते जुळतात का पाहा. न जुळलेले पट्टे कोणत्याही इस्त्रीने जुळत नाहीत.

कापडाचं वजन जीएसएममध्ये (एका चौरस मीटरला किती ग्रॅम) लिहिलेलं असेल तर नजर टाका. शर्टाला ११० ते १५० पुरतं. पँटीला १८० ते २५० हवं, त्याहून हलकी असेल तर खिशाची पिशवी बाहेरून उमटते. व्हिस्कोस सुंदर पडतं, पण धुण्यात आटतं आणि ओलं असताना कमजोर होतं, म्हणून ते पिळायचं नाही. जीन्समध्ये इलॅस्टेन, म्हणजे ताणणारा धागा, १-२ टक्के चालेल. वाइड-लेग जीन्समध्ये त्याहून जास्त असेल तर गुडघ्यावर फुगवटे येतात आणि सरळ पडणं संपतं.

सावध: लिननचा ब्लेझर घेताना अस्तर उलटून बघा. बाहेर लिनन आणि आत पूर्ण पॉलिएस्टरचं अस्तर असेल तर हवा खेळणारच नाही. उन्हाळ्यासाठी बिनअस्तराचा, किंवा फक्त खांदे आणि बाह्यांना अस्तर असलेला शोधा. पावसाळ्यात जमिनीपर्यंतची डेनिम वाइड-लेग घालू नका. मोहरी पाणी शोषते आणि ओल गुडघ्यापर्यंत चढते.

## ४. ट्रायल रूम: सुरकुत्या वाचायला शिका

इथे घाई होते. आरशात समोरून एकदा बघितलं, वळून एकदा बघितलं, झालं. त्याऐवजी वरून खाली याच क्रमाने जा: खांदा, छाती, कंबर, सीट, आणि लांबी सगळ्यात शेवटी. लांबी बदलता येते. खांदा जवळजवळ बदलत नाही.

पँट घालून खुर्चीवर बसा, वाका, एक पाय पायरीवर चढवल्यासारखा उचला. मग उभं राहून सुरकुत्या बघा. प्रत्येक सुरकुती कापड जिथे कमी किंवा जास्त आहे त्या जागेकडे बोट दाखवते:

- जांघेतून दोन्ही बाजूंना मांजराच्या मिशांसारख्या फाकलेल्या रेषा: समोर मांडीवर किंवा सीटवर कापड कमी पडतंय. एक साइझ मोठी घ्या, कंबर आत घेता येईल.
- उभी असताना खिशांची तोंडं उघडी, किंवा समोरच्या प्लीट फाकलेल्या: सीट घट्ट. इस्त्रीने काहीही होणार नाही.
- मागे कंबरपट्टीच्या लगेच खाली आडवी वळी: तिथे उंचीला कापड जास्त आहे. टेलर मागून कंबरपट्टी काढून थोडं वर घेऊ शकतो.
- मागची शिवण रुतते: मागचं आसन कमी. ही पँट सोडून द्या.
- सीटखाली उभ्या सैल घड्या: वाइड-लेगमध्ये थोड्या चालतात, ते त्या आकाराचंच अंग आहे. चालताना पायात अडकत असतील तर साइझ जास्त झाला.

एकच नियम पाठ करायचा तर हा: अंगाचा सगळ्यात भरलेला भाग जिथे आहे तिथे कपडा बसवा आणि बाकीचं आत घ्या. उलट, म्हणजे कंबरेला बसणारी घेऊन सीटला सैल करणं, रेडिमेड कपड्यात क्वचितच जमतं, कारण शिवणीच्या आत जास्तीचं कापड (मार्जिन) अर्धा इंच किंवा त्याहूनही कमी सोडलेलं असतं. शिवण उलटून बघितली की लगेच कळतं.

ओव्हरसाइज ब्लेझरचं गणित वेगळं. खरा ओव्हरसाइज ब्लेझर मुळातच रुंद बेतलेला असतो, पण त्याचा गळा नेहमीच्याच मापाचा असतो. म्हणून तो मोठा असूनही कॉलर मानेला चिकटून बसते. साधा ब्लेझर दोन साइझ मोठा घेतला की कॉलर मानेपासून सुटते, मुंढा (बाही जिथे जोडलेली असते तो काखेचा घेर) खाली घसरतो आणि हात उचलला की सगळा ब्लेझर वर येतो. खांद्याची शिवण खांद्याच्या टोकाबाहेर इंचभर गेली तर हरकत नाही. तिथून पुढे पॅडखाली खळगा पडायला लागला की तो दुसऱ्याचा उसना आणलेला दिसतो. बटण लावल्यावर पोटावर फुली पडली तर घट्ट. बाही मनगटाच्या हाडाशी थांबली पाहिजे, आणि तेवढी कमी करता येते.

तपासा, पैसे देण्याआधी: काय बदलेल आणि काय नाही. लांबी आणि बाही सहज बदलते. कंबर दीड इंचापर्यंत आत घेता येते. दोन इंचांच्या पुढे गेलं तर मागचे दोन खिसे एकमेकांना येऊन भिडतात. खांदा, मुंढा आणि आसन बदलणं म्हणजे कपडा अर्धा उसवून पुन्हा शिवणं. "करून घेऊ नंतर" असं या तिघांबद्दल म्हणू नका.

## ५. धुवा, टांगा, मग सुई

घरी आणल्यावर पहिल्यांदा दिवसाच्या उजेडात, खिडकीशी उभं राहून घाला. दुकानातल्या दिव्याखाली जुळलेले दोन काळे उन्हात एक निळसर आणि एक तपकिरी निघू शकतात. परत करायचा की ठेवायचा हा निर्णय इथेच घ्या. टॅग काढून धुतल्यावर तो दरवाजा बंद होतो.

ठेवायचा ठरला की मापं लिहा आणि एकदा धुवा. पुढे जसा धुणार आणि वाळवणार आहात अगदी तसाच. आधी न आटवलेलं सुती कापड ३ ते ५ टक्के आटू शकतं. आतली लांबी ३० इंच असेल तर हा फरक जवळजवळ १ ते दीड इंचाचा होतो, म्हणजे "जमिनीपर्यंत" आणि "घोट्याच्या वर" यांमधलं अंतर. फक्त ड्रायक्लीन लिहिलेल्या लोकरीच्या कपड्याला पाण्याऐवजी वाफ द्या.

सॅटिनच्या स्लिप स्कर्टला आणखी एक पायरी आहे. असा स्कर्ट बहुधा उरेब कापडाचा असतो, म्हणजे धागे तिरके येतील असा बेतलेला, आणि म्हणून तो अंगावरून पाण्यासारखा वाहतो. पण उरेब कापड स्वतःच्या वजनाने लांबतं, आणि सगळीकडे सारखं लांबत नाही. दुकानातून घडी घालून आणलेला स्कर्ट तसाच कापला तर आठवड्याभरात घेराचे दोन कोपरे खाली उतरतात आणि मधला भाग वर राहतो. म्हणून कंबरपट्टीला दोन-तीन क्लिपा लावून तो २४ ते ४८ तास टांगून ठेवा. मग अंगावर घाला, सरळ उभ्या राहा, आणि दुसऱ्या कुणाला तरी जमिनीवर पट्टी उभी धरून घेराभोवती दर चार इंचांवर टाचणी लावायला सांगा. खाली वाकून स्वतः टाचण्या लावू नका. तुम्ही वाकलात की समोरची कड खाली जाते आणि मागची वर येते. दुमड पाव इंचाची पुरे. रुंद दुमड उरेब कापडात पिळवटते.

## ६. लांबी: बूट पायात घालून, टाचण्या लावून

टेलरकडे जाताना जी चप्पल किंवा बूट त्या कपड्यावर घालणार तोच न्या. सपाट सँडल आणि दोन इंची टाच या दोन्हींवर एकच वाइड-लेग चालत नाही. एक निवडा. टाचांच्या उंचीत अर्ध्या इंचापर्यंतचा फरक खपून जातो.

- पूर्ण लांबीची वाइड-लेग: मागची कड जमिनीपासून अर्धा इंच वर. जमिनीला टेकली तर महिनाभरात झिजते.
- घोट्यापर्यंतची: घोट्याच्या हाडाच्या १ ते २ इंच वर, जिथे पाय सगळ्यात बारीक आहे. त्याहून वर सरकत पोटरीच्या मध्यावर नेऊ नका.
- मिडी स्कर्ट: पोटरीच्या जाड भागाच्या खाली किंवा गुडघ्याच्या लगेच खाली. नेमका जाड भागावर संपला तर कड तिथे आडवी रेष ओढते आणि पाय आखूड दिसतात. पहिल्या टप्प्यात घेतलेलं माप इथे कामाला येतं.

आकड्यांवर अंधविश्वास नको. डाव्या पायाला एक लांबी आणि उजव्याला इंचभर कमी अशी टाचून फोटो काढा. फोन कंबरेच्या उंचीवर, आठ-दहा फुटांवर ठेवा. जवळून, वरून काढलेला फोटो प्रत्येकीचे पाय आखूड दाखवतो, आणि चुकीच्या लांबीचे बरेच निर्णय अशाच फोटोंवर होतात.

टेलरला सांगा: जास्तीचं कापड पूर्ण कापू नका, आत दीड इंच सोडा. पुढच्या मोसमात लांबी बदलली तर कपडा वाचतो. (वरचा उरेब स्कर्ट याला अपवाद.)

## ७. घालताना: वाटणी आणि थर

बरोब्बर अर्ध्यावर विभागलेली आकृती ठोकळ्यासारखी दिसते. वर एक भाग, खाली दोन भाग, किंवा उलट, अशी वाटणी ठेवा. वाइड-लेगवर टॉप कंबरेशी संपावा किंवा खोचावा. खोचल्यावर दोन्ही हात एकदा सरळ वर करा आणि खाली आणा. जेवढं कापड सुटून बाहेर येतं तेवढं सैल बरोबर असतं. लांब ढगळ शर्ट सीटच्या जाड भागावर संपत असेल तर पुढचा एक पल्ला खोचा, ती रेष मोडते.

वर-खाली दोन्ही सैल घालायचंच असेल तर मनगट, घोटा, गळा यांपैकी निदान दोन जागा उघड्या ठेवा. बाही दोनदा दुमडली तरी काम होतं.

हाय-राइज सगळ्यांना शोभते हे खरं नाही. छाती आणि कंबर यांमध्ये अंतर कमी असेल तर कंबरपट्टी छातीखालीच येऊन बसते. अशा अंगाला मिड-राइज आणि टॉपच्याच रंगाचा पट्टा चांगला. धड थोडं लांब दिसतं. धड लांब असेल तर पट्टा पँटच्या रंगाचा.

आडव्या पट्ट्यांनी जाड दिसतं ही समजूतही सोडायला हरकत नाही. आडव्या रेषांचा चौकोन उभ्या रेषांच्या चौकोनापेक्षा उंच आणि अरुंद भासतो हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १९व्या शतकात मांडलं होतं, आणि संशोधक पीटर थॉम्पसन व किरियाकी मिकेलिडू यांनी २०११ मध्ये कपड्यांवर तपासलं तेव्हाही आडव्या पट्ट्यांनी बाई जाड दिसते असं निघालं नाही. फिटिंग मात्र बरोबर हवं. घट्ट जागी पट्टे वाकडे होतात आणि सगळं सांगून टाकतात.

मोसमाचा रंग चेहऱ्याला फिका पाडत असेल तर तो कंबरेखाली न्या. विषय संपला.

थंडीतले थर पातळ ते जाड अशा क्रमाने. आतल्या शर्टाचा मुंढा बाहेरच्या जॅकेटपेक्षा मोठा असेल तर काखेत गोळा होतो, कितीही ओढा. आणि दोन थरांच्या कडांमध्ये निदान ३ ते ४ इंचांचा फरक ठेवा, नाहीतर आतला पूर्ण झाका. इंचभर डोकावणारी कड चुकून राहिल्यासारखी दिसते.

## ८. बाहेर पडण्याआधी

कोरड्या हवेत सॅटिनचा स्कर्ट पायमोज्यांना चिकटत असेल तर आत सुती किंवा व्हिस्कोसची स्लिप घाला. पॉलिएस्टरवर पॉलिएस्टर घासलं की ते होणारच. लिनन थोडं ओलसर असतानाच इस्त्री करा, पूर्ण वाळल्यावर त्या चुण्या सहज जात नाहीत.

आणि नव्या ब्लेझरची किंवा कोटाची पाठ एकदा बघा. मागच्या फटीवर आडव्या-उभ्या धाग्याची फुली शिवलेली असते, बाहीवर कधी ब्रँडची छोटी पट्टी टाचलेली असते. दोन्ही वाहतुकीत कपडा सरळ राहावा आणि दुकानात ओळखू यावा म्हणून असतात. उसवणीने धागा उचला, कापडाच्या दिशेने ओढू नका, आणि कापून काढा. खिशांची तोंडंही कच्च्या टाक्याने बंद असतील. ज्या खिशात हात घालणार तोच उघडा. बाकीचे तसेच राहू द्या, ब्लेझर जास्त दिवस सपाट राहतो.